इटलीत सकाळची कॉफी आणि पेस्ट्री, पायी फिरत: रोम, नेपल्स, तोरिनो

नौपाडा_निवासी

ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन रोम, नेपल्स आणि तोरिनो (ट्युरिन) करायचं आहे. हॉटेलचा नाश्ता मुद्दाम घेतलेला नाही. तलावपाळीला रोज फेऱ्या मारणारी माणसं आहेत, त्यामुळे चालण्याची चिंता नाही. प्रश्न खाण्याचा आहे. आम्ही अंडं खातो, मांस-मासे नाही, आणि प्राण्यांची चरबी अजिबात नको. आई गुरुवारी अंडंही खात नाही आणि सकाळी उठून गोड खाणं तिला पटत नाही. बाबांना मधुमेह. बारमध्ये (तिथे कॉफीच्या दुकानाला बारच म्हणतात) मागवायची नेमकी पद्धत काय, पैसे आधी की नंतर, आणि कुठून कुठे चालावं? व्हिडिओ भरपूर बघून झाले, चरबीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

पामबीच_पायी

तिथे सकाळी एका जागी बसून पोटभर खाण्याची रीत नाही. लोक उभ्याने पाच-दहा मिनिटांत एक पेस्ट्री आणि एक कॉफी घेऊन निघतात. म्हणून पेस्ट्री एका ठिकाणी, कॉफी पुढच्या ठिकाणी असं वाटून घ्या. पायी फिरणाऱ्याला तेच सोयीचं.

काउंटरला 'बांको' म्हणतात, टेबलाला 'तावोलो', आणि दोन्हींचे दर वेगळे असू शकतात. दरफलक लावलेला असतो, तो वाचा. बांकोवर साधी कॉफी साधारण सव्वा ते दीड युरो, काप्पुचिनो दीड ते दोन. प्रसिद्ध चौकातल्या टेबलावर तीच तिप्पट-चौपट. बांकोचे पैसे भरायचे आणि कप उचलून टेबलावर जाऊन बसायचं, हा आपल्या लोकांचा ठरलेला घोटाळा. मग वेटर येऊन फरक तरी मागतो किंवा उठवतो. आई-बाबांना बसवायचंच असेल तर काही न मागवता आधी टेबल धरा.

गर्दीच्या बारमध्ये, स्टेशनात आणि नेपल्समध्ये बहुतेक ठिकाणी पैसे आधी. 'कास्सा'वर पैसे भरून 'स्कोंत्रीनो' म्हणजे पावती घ्यायची, ती बांकोवर ठेवून बारिस्ताला परत ऑर्डर सांगायची, उडप्याकडच्या कूपनासारखंच. पेस्ट्री कोणती हवी तेही कास्सावरच सांगावं लागतं, तेव्हा रांगेत लागण्याआधी काचेच्या कपाटात डोकावून ठरवून ठेवा. गल्लीतल्या लहान बारमध्ये उलटं: खा-प्या आणि जाताना काय घेतलं ते स्वतःच सांगून पैसे द्या.

'काफ्फे' म्हटलं की एस्प्रेसोच येते. 'लात्ते' मागितलंत तर नुसतं दूध. दुपारनंतर काप्पुचिनो मागितला तर कोणी अडवत नाही, फक्त तुम्ही पाहुणे आहात हे कळतं. त्याचा फार बाऊ करू नका.

घणसोलीचा_घोट

वरच्या प्रतिसादात काप्पुचिनोच्या तापमानाची भर.

आई-बाबा उकळत्या चहाचे असतील तर तिथला काप्पुचिनो त्यांना कोमट लागणार, आणि 'गार आणून दिला' म्हणून कुरकुर होणार. तो मुद्दाम तसा असतो. एस्प्रेसोला साधारण ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, पंचवीसेक सेकंद, आणि कपात २५ ते ३० मिलि. काप्पुचिनोसाठी त्यावर १०० मिलिच्या आसपास थंड दूध वाफेने फुगवून घालतात, आणि दूध ५५ ते ६० अंशांवर थांबवतात. ७० च्या पुढे गेलं की फेस राठ होऊन फुटतो, दुधाचा अंगचा गोडवा जातो आणि उकळलेला वास येतो. तरी गरम हवाच असेल तर 'बेन काल्दो' म्हणा, देतात. कप मात्र दीडशे मिलिच्या आसपासचाच असेल. वाशी-ठाण्याच्या कॅफेंमधला मग डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका.

बाबांसाठी: काप्पुचिनोत साखर नसते, पुडी बाजूला मिळते. अपवाद दोन. नेपल्समध्ये काही बारमध्ये कॉफी साखर घालूनच देतात. आणि रोमच्या 'सान्त एउस्ताक्यो'मधला 'ग्रान काफ्फे' साखरेसकटच बनतो, कारण त्याचा जाड फेस साखरेबरोबर घोटूनच येतो. दोन्हीकडे पैसे भरतानाच 'सेन्त्सा त्सुक्केरो' किंवा 'आमारो' सांगायचं. कप समोर आल्यावर सांगून उपयोग नाही.

बेलापूरची_बेकर

चरबीचं नीट सांगते, कारण पाटीवर ती दिसत नाही. युरोपीय नियमांप्रमाणे सुट्या पदार्थांतले १४ ॲलर्जीकारक घटक ग्राहकाला सांगावेच लागतात: अंडं, दूध, गहू, सुकामेवा वगैरे. डुकराची चरबी त्या चौदात नाही. म्हणजे ॲलर्जींचा तक्ता कितीही वेळ न्याहाळलात तरी 'स्त्रुत्तो' (हीच डुकराची चरबी) त्यात सापडणार नाही. तोंडानेच विचारायचं: 'चे लो स्त्रुत्तो?' उत्तर 'बुर्रो' आलं तर लोणी, निर्धास्त खा.

सगळ्यात सांभाळायची वस्तू नेपल्सची स्फोल्यातेल्ला. तिचा रिच्चा प्रकार म्हणजे शिंपल्यासारखी पापुद्र्यांची. घट्ट कणीक कागदाइतकी पातळ लाटून, ताणून, तिच्यावर सगळीकडे स्त्रुत्तो चोपडतात. मग गच्च वळकटी करून रात्रभर थंडीत ठेवतात, दुसऱ्या दिवशी बोटभर चकत्या कापून अंगठ्याने मधून बाहेर दाबत त्यांचा द्रोण करतात. आत शिजवलेला रवा, रिकोत्ता, साखर, अंडं, दालचिनी आणि संत्र्याच्या पाकवलेल्या साली. चरबी तिथे चवीपुरती नसते, पापुद्रे सुटे ठेवायचं कामच तिचं. लोण्यात १६-१८ टक्के पाणी असतं आणि ते लवकर वितळतं, त्यामुळे थर एकमेकांना चिकटतात. म्हणून 'आमच्याकडे बिनचरबीची रिच्चा' हे वाक्य ऐकलंत तरी पुन्हा एकदा विचारा. दुसरी फ्रोल्ला, गुळगुळीत खुसखुशीत कवचाची, आत सारण तेच. तिच्यात काही जण लोणी वापरतात, काही स्त्रुत्तोच. दुकानागणिक बदलतं. सिसिलीचा कान्नोलो दिसला तर त्याच्या कवचातही बऱ्याचदा स्त्रुत्तो आणि मार्साला वाइन असते. बाबा नावाची स्पंजी पेस्ट्री रममध्ये भिजवलेली असते. तुमचे बाबा नावाला भुलून घेतील, आधीच सांगून ठेवा.

रोजच्या खाण्याचा कोर्नेत्तो (तोरिनोत त्याला बहुधा 'ब्रिओश' म्हणतात) दिसायला क्रोसाँसारखा, पण पिठात अंडं आणि साखर असल्याने मऊ आणि गोडसर. लोणी किंवा मार्जरीन असतं. 'वुओतो' म्हणजे रिकामा, 'आल्ला क्रेमा' म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा. गुरुवारसाठी 'कोर्नेत्तो वेगानो' पुष्कळ बारमध्ये मिळतो, त्यात अंडं-दूध दोन्ही नाही. 'कोर्नेत्तो सालातो' मात्र नाव खारट बघून आईंसाठी घेऊ नका, आत बहुतेक वेळा हॅम असतं. त्यांच्यासाठी बेकरीतली 'पित्सा ब्यांका': पीठ, ऑलिव्ह तेल, मीठ. वजनावर कापून देतात, १०० ग्रॅमचा तुकडा एका माणसाला सकाळी पुरतो.

येऊर_वारा

रस्ते सांगतो.

रोम: काम्पो दे फिओरी चौकातल्या 'फोर्नो'मधून पित्सा ब्यांका घ्या, आईंचं काम तिथेच झालं. तिथून पियात्सा काइरोलीजवळ 'रोश्शोली काफ्फे', तिथे मारितोत्सो, म्हणजे चिरून फेटलेल्या क्रीमने भरलेला पाव. तिघांत एक पुरे, बाबांना क्रीम बाजूला सारून पाव द्या. मग लार्गो आर्जेन्तीनावरून 'सान्त एउस्ताक्यो' (१९३८ पासूनचं), तिथे कॉफी. दोन-तीन मिनिटांवर पँथिऑन, त्याच्या शेजारच्या गल्लीत 'तात्सा दोरो', तेही कॉफीचंच. सगळं मिळून दीड किलोमीटरच्या आत. आठला निघालात तर पँथिऑन उघडेपर्यंत तिथे पोचता. २०२३ पासून आत जायला तिकीट आहे. हॉटेल तेर्मिनी स्टेशनाकडे असेल तर मारितोत्सोसाठी १९१६ सालची 'रेगोली' जवळ पडेल. रोमच्या काळ्या दगडी चौकोनांवर पातळ तळव्याच्या चपला घालू नका, पावसात फार निसरडे होतात.

नेपल्स: स्टेशनाजवळ 'आत्तानाझिओ', गरम स्फोल्यातेल्ला (वरचा प्रतिसाद वाचून). मग मेट्रोने 'तोलेदो' स्टेशन, विया तोलेदोवरून खाली चालत 'पिन्ताउरो', हेही स्फोल्यातेल्लाचंच दुकान, आणि टोकाला 'गाम्ब्रीनुस' कॅफे, १८६० चं. पाण्याचा ग्लास कॉफीबरोबर येतो, तो कॉफीच्या आधी प्यायचा. तिथली 'सोस्पेझो' पद्धतही बघा: दोन कॉफींचे पैसे भरायचे, एक स्वतः प्यायची, दुसरी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ठेवायची.

तोरिनो: पियात्सा कास्तेल्लोतलं 'मुलास्सानो', त्रामेद्झीनो सँडविच १९२६ साली इथेच जन्मलं असं ते सांगतात. खारं आहे, आईंना चालेल, पण आत ट्यूना की हॅम ते विचारा. तिथून फक्त पादचाऱ्यांच्या विया गारिबाल्दीवरून कोन्सोलाता चर्चसमोर 'अल बिचेरीन', १७६३ चं. बिचेरीन म्हणजे ग्लासात खाली गरम चॉकलेट आणि कॉफी, वर थंड क्रीम. ढवळू नका, क्रीममधूनच गरम घोट ओढायचा. इथे मात्र टेबलावर बसा. पाऊस आला तर पियात्सा कास्तेल्लो आणि विया पोच्या कमानींखालून चालत राहायचं.

ऐरोली_अडीच

माझं मत थोडं वेगळं. ही सगळी नावाजलेली ठिकाणं एकेकदा ठीक, पण सकाळ बघायची तर हॉटेलखालचा कुठलाही बार, साडेसात ते नऊ. फक्त पेस्ट्री स्वतःची आहे का बघा. बऱ्याच बारमध्ये कोर्नेत्तो गोठवलेले येतात आणि फक्त भाजले जातात. सगळे एका साच्यातले, सारखे चकचकीत दिसले की समजा. गोठवलेल्या मालापुढे यादीत बऱ्याचदा चांदणीची खूण असते. 'प्रोदुत्सिओने प्रोप्रिया' किंवा 'लाबोरातोरिओ' अशी पाटी असेल तर माल घरचा. दहानंतर कपाटात उरतो तो उरलासुरला.

आणि साप्ताहिक सुट्टी तपासा. पेस्ट्रीची दुकानं रविवारी उघडी ठेवून आठवड्यात मधलाच एखादा वार बंद असतात.

नौपाडा_निवासी

सगळ्यांचे आभार, बाबा रमचं वाचून हसले आणि 'मग ती एक चाखूच' म्हणाले. एकच राहिलं: फ्रोल्ला लोण्याची निघाली तर ठाण्याला आणता येईल का?

बेलापूरची_बेकर

नको. आत रिकोत्ता आहे, बिनफ्रिजचा इतका प्रवास तिला सोसत नाही, आणि दुधाचे पदार्थ आणण्यावर निर्बंधही असतात. हॉटेलपर्यंत नेलीत तर त्याच दिवशी संपवा. गरम करायची तर १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कवच ओलं होतं. घरी आणायला तोरिनोचे जान्दुयोत्ती घ्या, हेझलनटचं चॉकलेट, चरबीचा प्रश्नच नाही. मात्र हातातल्या बॅगेत ठेवा आणि उतरल्यावर गाडीच्या डिकीत टाकू नका. ऑक्टोबरच्या उन्हात ठाण्याला पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो.