‘रेडिओलेबल्ड अँटीबॉडी’ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती:
एका रुग्णमाहितीपत्रकाचं मराठी करतेय. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी अंगात कुठे कुठे आहेत हे बघायला शिरेतून रेडिओलेबल्ड अँटीबॉडी (किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं, गाठीला जाऊन चिकटणारं प्रथिन) सोडतात आणि काही दिवसांनी स्कॅन काढतात, असा विषय. आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘किरणोत्सर्गी-चिन्हांकित प्रतिपिंडांद्वारे अर्बुद-प्रतिमांकन’. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पिंड कुणाचे? ती बाई जिवंत आहे ना अजून?” आता बोला.

पंतोजी:
आईंना नमस्कार सांगा! इथला पिंड म्हणजे देह, ‘बॉडी’चं शब्दशः भाषांतर. पण मराठी कानाला आधी दहावा दिवस आणि कावळाच आठवणार, त्याला इलाज नाही. ‘प्रतिद्रव्य’ही छापलेलं दिसतं, ते निदान घाबरवत नाही. करोनानंतर मात्र भाजीवालीसुद्धा ‘अँटीबॉडी’ म्हणते, तेव्हा तोच शब्द ठेवावा असं माझं मत झालंय. (हे मी म्हणतोय, नोंद घ्या.) ‘किरणोत्सर्गी’ला हात लावू नका. फक्त किरणोत्सर्ग आणि प्रारण यांची गल्लत नको. अणुकेंद्रातून आपोआप काही बाहेर पडण्याची क्रिया तो किरणोत्सर्ग, आणि जे बाहेर पडतं ते प्रारण. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच शब्द वापरून मोकळी होतात.

प्रयोगशाळेतला:
माझं भांडण ‘चिन्हांकित’शी आहे. चिन्ह डोळ्यांनी दिसतं. इथे काहीच दिसत नाही, ऐकू येतं म्हणा हवं तर. रानात सोडलेल्या गाईच्या गळ्यात घंटा बांधतात ना, तसं. गाय झाडीत दिसत नाही, पण ती कुठे थांबलीय ते कळतं. अँटीबॉडी ही गाय. उदाहरणार्थ ट्रास्टुझुमॅब, जे १९९८पासून औषध म्हणून वापरात आहे. काही स्तनकर्करोगांच्या पेशींवर हर-टू नावाचा ग्राही (रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) फार मोठ्या संख्येने असतो, त्याला ते जाऊन चिकटतं. घंटा म्हणजे झिर्कोनियम-८९ हा किरणोत्सर्गी धातू.

घंटा हीच का? कारण अँटीबॉडी अवाढव्य रेणू, रक्तात दिवसचे दिवस रेंगाळतो. नेहमीच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे अंगात सोडलेला किरणोत्सर्गी पदार्थ कुठे साचलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, वापरतात त्या फ्लोरीन-१८चं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ) ११० मिनिटं. गाय कुरणात पोचायच्या आत घंटेचा आवाज संपलेला! झिर्कोनियम-८९चं ७८ तासांच्या आसपास. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या चमूने १४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इंजेक्शननंतर ४-५ दिवसांनी काढलेली चित्रं सगळ्यांत चांगली आली.

आणि घंटा जड झाली की तिचं लोढणं होतं. एकेका अँटीबॉडीवर जास्त धातू लादला तर ती ग्राहीला नीट चिकटतच नाही.

सांगलीकर:
घंटा-लोढणं झकास. धातू प्रथिनाला बांधतात कशाने पण? दाव्याला काय म्हणता?

प्रयोगशाळेतला:
‘कीलेटर’. झिर्कोनियमसाठी बहुतेक वेळा डेस्फेरीऑक्झामीन. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात साचलेलं लोह काढायला देतात तेच, घरात असा रुग्ण असेल त्यांना नाव ओळखीचं वाटेल. धातू धरून ठेवणं हा त्याचा गुणच.

पंतोजी:
थांबा, थांबा. ‘कीलेट’ हा शब्द १९२०मध्ये मॉर्गन आणि ड्रू या रसायनज्ञांनी घडवला, ग्रीक ‘खेले’वरून. खेले म्हणजे खेकड्याची नांगी! दोन्ही बाजूंनी धातूला पकडते म्हणून. आणि कर्क म्हणजे? खेकडाच. म्हणजे खेकड्याला शोधायला खेकड्याचीच नांगी पाठवलीय. ‘नांगीबंध’ म्हणा की राव.

धागाकर्ती:
पंतोजी, पत्रक रुग्णांसाठी आहे 😄

सांगलीकर:
ताई, एक विनंती. स्कॅनमध्ये उठून दिसणाऱ्या गाठीला ‘हॉट’ म्हणतात, त्याचं भाषांतर करू नका. माझ्या मावशीला एका ठिकाणी कुणीतरी रिपोर्ट समजावताना ‘हाडात एक गरम गाठ दिसतेय’ असं सांगितलं. बाई रात्रभर पाठीला तळहात लावून बघत होती, कुठे चटका लागतोय का. सकाळी मला म्हणाली, “गारच लागतंय रे, बरी झाले असेन.”

प्रयोगशाळेतला:
😔 आमच्याकडे घंटा न बांधलेल्या अँटीबॉडीला ‘कोल्ड’ म्हणतात, ती काही फ्रीजमधली म्हणून नव्हे. हे शब्द आमच्यातच राहू द्या. पण ‘अपटेक’ला, म्हणजे गाठीने औषध घेण्याला, काय करणार? ‘शोषण’ वाचलंय मी.

सांगलीकर:
शोषण नको, पोलीस ठाण्यात गेल्यासारखं वाटतं. ‘ग्रहण’ही नको, ते लागतं. ‘टिपणे’ घ्या. टीपकागद शाई टिपतो, चिमणी दाणा टिपते. गाठीने औषध टिपलं.

प्रयोगशाळेतला:
अगदी! आणि टिपलं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. बायॉप्सी एका जागचा तुकडा तपासते, बाकीच्या गाठी तशाच असतील असं नाही. झेफिर नावाच्या अभ्यासात बायॉप्सीनुसार सगळ्या हर-टू पॉझिटिव्ह (गाठीत हर-टू जास्त) असलेल्या ५६ रुग्णांपैकी २९ टक्के जणींमध्ये बहुतांश रोगाने ही अँटीबॉडी टिपलीच नव्हती. बायॉप्सीला अजून सुट्टी नाही, पण एका सुईला न दिसणारं यात दिसतं.

धागाकर्ती:
मग असं लिहिते: ‘कर्करोगाच्या गाठी ओळखून त्यांना चिकटणाऱ्या अँटीबॉडीला थोडा किरणोत्सर्गी पदार्थ जोडून ती शिरेतून देतात. चार-पाच दिवसांनी स्कॅन काढतात. ज्या गाठींनी ती टिपली असेल त्या चित्रात उठून दिसतात.’ आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “चार-पाच दिवस दवाखान्यातच राहायचं का?” ते पत्रकात कुठेच नाहीये. डॉक्टरांना विचारून घालते.

पंतोजी:
‘थोडा’च्या जागी ‘अल्प प्रमाणात’?

धागाकर्ती:
नाही.