अनुभव धागा : आगमनकाळात तुम्ही मनाची तयारी कशी करता?

घराची तयारी दरवर्षी वेळेत होते. पडदे धुऊन होतात, भेटवस्तूंची यादी होते, कुणाकडे कधी जायचं तेही ठरतं. मनाचं तेवढं राहून जातं. मागच्या वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री उपासनेला बसले होते आणि एकदम लक्षात आलं, की चार आठवड्यांत मी एकदाही शांत बसून प्रार्थना केली नव्हती. सगळे गात होते आणि मला रडू आवरेना. म्हणून यंदा आधीच विचारतेय.

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे तयारीचे दिवस, ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. त्यामुळे कधी पुरे २८ दिवस हाती येतात, कधी जेमतेम २२. या दिवसांत तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. उपदेश नको. जमलं नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

* * *

आमच्याकडे लूक. बायबलमधल्या त्याच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय आहेत, रोज एक. १ डिसेंबरला जखऱ्या याजकापासून सुरुवात केली की २४ तारखेला पुनरुत्थानाचा अध्याय येतो. पहिल्या वर्षी मला हे खटकलं होतं. बाळाच्या जन्माच्या आदल्या रात्री रिकामी कबर कशाला वाचायची? आता ती वाचल्याशिवाय मला गव्हाणीकडे बघवत नाही. एक सांगते, पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, तो दोन बैठकांत वाचा. आम्ही एका दमात वाचायला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी खंड पडला.

* * *

मी निवृत्त शिक्षिका. बोलणं हाच माझा व्यवसाय. काही वर्षांपूर्वी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, दोन आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. नेमके आगमनकाळाचे पहिले दोन आठवडे. मुलानं एक वही आणि पेन्सिल आणून दिली. काय हवं ते लिहायचं.

पाचव्या दिवशी सहज वही मागे चाळली. ‘गॅस बंद कर.’ ‘दार लावलंस का?’ ‘असं नाही, आधी ते.’ ‘किती वेळा सांगायचं?’ पानंच्या पानं हुकूम. बोलताना हे हवेत विरून जातं, कागदावर राहतं. मला माझीच लाज वाटली.

त्या दिवसांत वाचनात जखऱ्या होता. मंदिरात धूप जाळायला गेलेला वयस्क याजक. गब्रीएल दूत पुत्र होईल असं सांगतो, याचा विश्वास बसत नाही आणि वाचा जाते. तोवर मी याला सरळ शिक्षा म्हणत आले होते, वर्गात तसंच शिकवलंही होतं. त्या वर्षी वेगळं दिसलं. त्याच्या बायकोच्या, अलीशिबेच्या, पोटी बाळ वाढतंय, येशूची आई मरीया येऊन सुमारे तीन महिने त्याच घरात राहते, दोघी किती बोलल्या असतील! आणि ज्यानं लोकांना आशीर्वाद द्यायचा तो याजक गप्प. त्याला नुसतं बघायचं होतं. शेवटी पाटी मागवून तो काय लिहितो, तर ‘ह्याचे नाव योहान आहे.’ तक्रार नाही, खुलासा नाही. वाचा परत आल्यावर त्याच्या तोंडून पहिली देवाची स्तुती निघते.

त्या संध्याकाळी सून स्वयंपाकघर आवरत होती. मी वहीवर लिहिलं, ‘दमलीस का?’ आणि तिच्यापुढे धरलं. तिनं वाचलं, हात पुसले, माझ्याशेजारी बसली. तिला बोलता येत होतं, तरी तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, ‘हो.’

ती वही मी जपून ठेवलीय. आता दर आगमनकाळात पहिल्या रविवारी संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मी मौन पाळते. घरच्यांनाही सवय झालीय.

* * *

लहान मुलं असतील तर मेणबत्त्यांचं चक्र करा, हे माझं आग्रहाचं सांगणं. १८३९ साली हांबुर्गमध्ये योहान हिन्रिक विखेर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, म्हणून. आमच्या धाकट्यानं पहिल्याच रविवारी चारही पेटवायचा हट्ट धरला. मी नाही म्हटलं. तो रुसून बसला, मग बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “या तिघी वाट बघतायत ना?” त्या वर्षीची माझी तयारी तिथंच सुरू झाली.

* * *

लिहू की नको असं झालं होतं. ज्या वर्षी बाळ गेलं, त्या वर्षी मी आगमनकाळ पाळला नाही. जन्माची वाट बघणारी गाणी ऐकवत नव्हती. मंडळीतल्या एक वयस्क बाई घरी आल्या, काही समजावलं नाही, बायबलमधला यशयाचा चाळिसावा अध्याय उघडून ठेवला आणि गेल्या. ‘परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा’ हे मी लहानपणापासून ऐकलेलं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या संदर्भात. पण ते तिसरं वचन आहे. अध्याय सुरू होतो तो ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ इथून. मार्गाचं काम नंतरचं. मी महिनाभर पहिल्या वचनापुढे गेलेच नाही. ज्यांचं दुःख ताजं आहे त्यांनी तेवढंच वाचलं तरी चालेल, असं मला मनापासून वाटतं.

* * *

मी अकरा वर्षांनी पापनिवेदनाला गेलो, तेही आगमनकाळामुळेच. या दिवसांत रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, देवदूतांचं गौरवगीत म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. ती रिकामी जागा त्या वर्षी फार जाणवली. माझ्याही आत काहीतरी गप्प होतं. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं तुटलं होतं. फादरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “त्याचं नाव घेऊन प्रार्थना करता का?” आणि प्रायश्चित्त म्हणून नाताळपर्यंत रोज तेच करायला सांगितलं.

पहिले चार-पाच दिवस नाव ओठांवर येईना. ‘माझा भाऊ’ म्हणून वेळ मारून नेली. मग एकदा नाव घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी मागितलं, तिसऱ्यात त्याच्या मुलींसाठी. आता राग येतो, पण त्याचं नाव तोंडात असताना येत नाही. फोन मात्र अजून केलेला नाही.

* * *

वरच्या दादांना : फोन करा. माझी बहीण गेली तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये तिला न पाठवलेला निरोप तसाच लिहून ठेवलेला होता. यापुढे मला लिहवत नाही.

* * *

मी परिचारिका आहे, बहुतेक डिसेंबर रात्रपाळीत जातात. आगमनकाळाच्या संध्याप्रार्थना, तयारीची शिबिरं, मला कशालाच जाता येत नाही आणि याची कित्येक वर्षं खंत होती. एका रात्री वॉर्डातल्या आजोबांना पाणी पाजत होते. पहाटेचे साडेतीन. त्यांनी विचारलं, “तुम्ही झोपतच नाही का?” आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातलं आठवलं, घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवण्याच्या वेळेस की सकाळी, ठाऊक नाही, म्हणून जागे राहा. मी तर जागीच होते! तेव्हापासून प्रत्येक फेरीत एका खाटेपाशी थोडी जास्त थांबते आणि मनात म्हणते, प्रभू, ये. सलाइन तपासायला लागतो तेवढाच वेळ. रुग्णाला कळतही नाही.

* * *

पापनिवेदनाबद्दल लिहिणारा मीच. ताई, तुमचं वाचून काल रात्री फोन लावला. त्यानं उचलला नाही. मी आज पुन्हा लावणार आहे.