जॅम म्हणजे जुगलबंदी? आणि ‘लांबण लावणे’ हा आरोप की वर्णन?

पश्चिमकिनारा
आमच्या इकडच्या (कॅलिफोर्निया, बे एरिया) मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जेरी गार्सियावर लेख लिहिलाय. ग्रेटफुल डेड या बँडचा गिटारवादक, १९४२ ते १९९५. लेखात मी सगळीकडे ‘जॅम’ (सगळ्यांनी मिळून ऐनवेळी सुचेल तसं वाजवत जाणं) असंच लिहिलं होतं. संपादन होऊन लेख परत आला तर प्रत्येक ‘जॅम’च्या जागी ‘जुगलबंदी’! “गार्सियाची जुगलबंदी वीस-वीस मिनिटं चालायची.” कुणाशी? हरकत घेतली तर उत्तर आलं, वर्तमानपत्रांत असंच छापतात आणि वाचकाला कळतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्याच्या टीकाकारांचं म्हणणं मी असं मांडलं होतं की तो गिटारवर नुसती बोटं चालवत बसतो. त्याचं झालं ‘लांबण लावतो’, आणि तेही टीकाकारांच्या तोंडी न राहता थेट लेखाच्या मताप्रमाणे. लेख लवकरच छपाईला जाणार आहे. मला दोन शब्द हवेत: एक जॅमसाठी, एक त्या बोटं चालवत बसण्यासाठी.

षड्ज_पंचम
जुगलबंदी साफ चूक. जुगल म्हणजे जोडी. दोघं तोलामोलाचे, दोघांना सारखी जागा. एकाने म्हटलेलं दुसऱ्याने उचलायचं, फिरवायचं, परत द्यायचं. तुमच्या बँडमध्ये सहा-सहा माणसं एकाच वेळी वाजवतायत. तुम्हाला हवा तो शब्द आपल्याकडे आहेच: उपज. बंदिश ठरलेली, पुढची सगळी उपज.

शब्दवेल्हाळ
‘उपज’ हिंदी गवयांबरोबर आपल्याकडे आला. मराठी वाचकाला उपज म्हटलं की शेतातलं पीक आठवतं. ‘उत्स्फूर्त वृंदवादन’ म्हणा. अर्थ पूर्ण येतो आणि उसनवारीही नाही. दर वेळी पहिला परका शब्द उचलायचा आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणून रडायचं, हे थांबायला हवं.

ठेका
मी गेली अनेक वर्षं तबला वाजवतो, आणि “चल, उत्स्फूर्त वृंदवादन करू” असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. आम्ही म्हणतो, “रविवारी बसूया का?” बसणे म्हणजेच जॅम. कार्यक्रम नाही, ठरवलेलं काही नाही, पेटीवाला एखादी धून धरतो आणि पुढे जे होईल ते. लेखात सरळ लिहा की हे लोक हजारो श्रोत्यांसमोर बसायचे. रोज बसायचे.

मधुमालती
उपज हिंदी म्हणून बाद करू नका हो. ‘उपजे तें नाशे, नाशलें पुनरपि दिसे’ हे ज्ञानेश्वरीत आहे, दुसऱ्या अध्यायात. उपजत बुद्धी, उपजत गळा, हे आपण रोज बोलतो. संगीतातला नेमका अर्थ गवयांनी दिला असेल, पण धातू घरचाच आहे.

रानवारा
जॅम आणि जमणे यांचं नातं कुणाच्या लक्षात आलं नाही का? मैफल जमते, सूर जमतो, जम बसतो. माझी खात्री आहे की गोऱ्या सैनिकांनी हा शब्द इथून नेला. मग परत आणायला लाज कसली?

मधुमालती
रानवारा, कल्पना गोड आहे, पण जुळत नाही. जमा, जमाव, जमात ही मंडळी अरबीतून आली. इंग्रजी जॅमचा जुना अर्थ दाबून बसवणे, कोंबणे. त्याचं मूळ कोशकारांनाही पक्कं ठाऊक नाही. संगीतातला अर्थ अमेरिकेतल्या जाझवाल्यांचा, १९३० च्या आसपास रूढ झालेला. त्यात आपले सैनिक-शिपाई कुठे बसत नाहीत.

रानवारा
मूळ पक्कं ठाऊक नाही म्हणता, मग माझं नाही हे कशावरून? ‘दाबून बसवणे’ आणि ‘जम बसवणे’, दोन्हींत बसवणे आहेच की. मी मत बदलणार नाही.

शंकासूर
शब्द राहू द्या बाजूला. संपादकांनी ‘लांबण लावतो’ लिहिलं ते मला पटलं. मी चिकाटीने ऐकलंय. सूर लागायलाच पाच मिनिटं, मग एकाच जागेवर गोल गोल. शेवटच्या वर्षांत तर स्वतःच्या गाण्यांचे शब्द विसरायचा, बोटं अडखळायची. नशा होती हे जगजाहीर आहे. थोर म्हणायचं तर काही मोजमाप हवं. वेग नाही, स्वच्छता नाही, तर थोरपण कशात?

पश्चिमकिनारा
शंकासूर, स्वच्छता नाही हे मी मान्य करणार नाही. १९७७ च्या ८ मेचा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम घ्या. ‘स्कार्लेट बेगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये कधी शिरले ते कळतही नाही. त्या दुसऱ्या गाण्यात मुळात दोनच कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) आहेत. दोन! दोन कॉर्डांवर इतका वेळ वाजवायचं तर लपायला जागाच नसते. तो प्रत्येक सूर सुटा करून वाजवतो. एक सूर संपतो, किंचित पोकळी, मग पुढचा. बँजोवर तयार झालेला हात आहे तो. १९७३ मध्ये, डेड जोरात असताना, हा ‘ओल्ड अँड इन द वे’ नावाच्या ब्लूग्रास (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) चमूत बँजो वाजवत होता.

आणि उजव्या हाताचं मधलं बोट नव्हतं त्याला. चार वर्षांचा असताना लाकडं फोडताना थोरल्या भावाच्या कुऱ्हाडीखाली गेलं, दोन तृतीयांश.

शेवटच्या वर्षांचं खरं आहे, पण १९८६ पण सांगा. मधुमेहाने तो कोमात गेला. शुद्धीवर आला तेव्हा गिटार पुन्हा शिकावी लागली. मर्ल साँडर्स हा त्याचा जुना कीबोर्डवादक मित्र शेजारी बसून एकेक कॉर्ड आठवून द्यायचा. त्याच वर्षी डिसेंबरात गार्सिया डेडबरोबर पुन्हा स्टेजवर उभा राहिला. याला मोजमाप काय लावणार?

शंकासूर
याबद्दल आदर आहे. पण जिद्द वेगळी आणि वादन वेगळं. आजारातून उठला म्हणून वाजवलेलं चांगलं ठरत नाही.

कृष्णाकाठ
नुसती बोटं चालवण्याला आमच्याकडे ‘गुऱ्हाळ लावणे’ म्हणतात. भाषणाचं गुऱ्हाळ, चर्चेचं गुऱ्हाळ. पण मला हा वापर कायम खटकत आलाय, कारण आमचं खरंच गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस तासन् तास उकळत असतो आणि लांबून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. गुळव्याचं लक्ष एका क्षणासाठी ढळत नाही. पाक थेंबभर गार पाण्यात टाकून बोटांत धरून बघतो, आणि मग एकदम “उतरवा!” पुढचं सगळं धावपळीत. दोन मिनिटं चुकली तर ढेप बसत नाही, काकवीवर समाधान मानावं लागतं. ज्याने कुणी कंटाळवाण्या बोलण्याला गुऱ्हाळ म्हटलं तो काहिलीपाशी उभा राहिलेला नव्हता. मी हा माणूस ऐकलेला नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून त्याचं गुऱ्हाळच असावं, चांगल्या अर्थाने.

मधुमालती
कृष्णाकाठ, सुंदर. पण रूढ अर्थ उलटा करून वापरला तर लेख वाचणारा उलटच समजेल. शब्द चालतो तो लोकांच्या तोंडी असलेल्या अर्थाने.

कृष्णाकाठ
लोकांच्या तोंडचं प्रमाण मानायचं तर जुगलबंदीही चालवून घ्या मग. वर्तमानपत्रांत रोज येतंय.

षड्ज_पंचम
हा मुद्दा बिनतोड आहे आणि म्हणूनच मला राग येतो. व्हायोलिन आणि ड्रम्स एकत्र आले की जुगलबंदी, दोन पुढारी एकमेकांवर बोलले की जुगलबंदी. शब्द बोथट होतो आणि मग खऱ्या जुगलबंदीसाठी काही उरत नाही.

मी वरच्या चर्चेमुळे ‘डार्क स्टार’ ऐकलं, ‘लाइव्ह/डेड’ या १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेवरचं, २३ मिनिटांचं. कोमल निषाद, बाकी शुद्ध. चक्क खमाज. याला बढत म्हणतात, म्हणजे चिजेचा पायरीपायरीने विस्तार, आणि बढत करणाऱ्याला लांबण लावतो म्हणणं हा अडाणीपणा आहे.

ठेका
खमाज नाही, खमाज *थाट* म्हणा. सप्तक जुळलं म्हणजे राग होत नाही. खमाजला चलन आहे, आरोहात ऋषभ वर्ज्य आहे. गार्सियाला त्याचं बंधन नव्हतं आणि असायचं कारणही नाही. त्याला ओढून आपल्या रागात बसवायचं आणि मग “बघा, आमचंच” म्हणायचं, हे मला आवडत नाही.

षड्ज_पंचम
थाट, मान्य. पण ‘बढत’ मी सोडणार नाही. हेच गाणं १९६८ मध्ये आधी छोट्या तबकडीवर आलं होतं, तीन मिनिटांच्याही आत संपणारं. तीच चीज वर्षभरात २३ मिनिटांची झाली. चिजेची बढत, दुसरं काय?

लांबपल्ला
या चर्चेत ट्रे अनास्तासिओचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. त्याचा बँड फिश, व्हरमाँट विद्यापीठात १९८३ मध्ये सुरू झालेला, ट्रे त्यातला गिटारवादक. ‘यू एन्जॉय मायसेल्फ’ ऐका. लिहून बसवलेले अवघड तुकडे एकापाठोपाठ येतात, एक सूर इकडचा तिकडे होत नाही, आणि मग दार उघडल्यासारखा जॅम. ट्रे अर्नी स्टायर्स या संगीतकाराकडे रचना शिकला होता, ते कळतं. २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री वाजवलं आणि एकही गाणं पुन्हा घेतलं नाही. शंकासूरना मोजमाप हवंय ना, हे घ्या. गार्सियाबद्दल प्रेम आहे, पण वादक म्हणून ट्रे वरचढ.

पश्चिमकिनारा
ट्रे तयारीचा आहे, वाद नाही. पण २०१५ मध्ये डेडच्या पन्नाशीला उरलेल्या चौघांनी गार्सियाच्या जागी त्यालाच उभं केलं, शिकागोच्या सोल्जर फील्डवर, जिथे गार्सिया डेडबरोबर १९९५ च्या जुलैत शेवटचं वाजवून गेला. त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण ऐका. ट्रे सुरेख वाजवतो, आणि ठिकठिकाणी गार्सियाची वळणं जपून घेतो. ज्याची वळणं जपावी लागतात तो मोठा.

लांबपल्ला
किंवा जो दुसऱ्याची वळणं इतकी आत्मसात करून पुन्हा स्वतःचं वाजवतो तो.

शंकासूर
दोघांनाही बाजूला ठेवून मी ऑलमन ब्रदर्स बँडच्या ड्वेन ऑलमन या गिटारवादकाचं नाव घेईन. २४ व्या वर्षी गेला, १९७१ मध्ये. त्याच वर्षीच्या मार्चमधलं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरातलं ‘व्हिपिंग पोस्ट’, तेही २३ मिनिटांचंच. त्यात लांबण नाही, प्रत्येक वळणावर काहीतरी पणाला लागलेलं आहे. लांबी सारखी असूनही एकाला लांबण म्हणावंसं वाटतं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे शब्दाचा संबंध मिनिटांशी नाहीच.

मधुमालती
हे फार महत्त्वाचं बोललात. लांबण *लावतात*. पाल्हाळ, चऱ्हाट हेही लावतात नाही तर लांबवतात. सगळ्यांत दोष करणाऱ्याकडे आहे. निर्दोष शब्द हवा तर ‘आळवणे’ घ्या. देवाला आळवतात, पद आळवून आळवून म्हणतात. माझी आजी नाट्यपदांबद्दल हाच शब्द वापरायची. एकच ओळ गायक दहा तऱ्हांनी म्हणतोय आणि ती डोळे मिटून “आळवतोय बघ” म्हणायची. लांबीही आली, मायाही आली.

शब्दवेल्हाळ
आळवणे उत्तम. मी माझं वृंदवादन मागे घेत नाही, ते समूहासाठी, हे एकट्यासाठी. दोन्ही ठेवा.

कृष्णाकाठ
आमच्याकडे आळवणी म्हणजे पिकाच्या बुंध्याशी औषध ओतणे. वाचक गोंधळेल.

मधुमालती
आळवणी वेगळी, आळवणे वेगळे. क्रियापद वापरल्यावर कोण गोंधळेल?

पश्चिमकिनारा
पण आळवणे हे टीकाकारांच्या तोंडी कसं चालेल? मला त्यांची तक्रार तक्रारीसारखीच मांडायची आहे. गोड शब्द घातला तर त्यांच्यावर अन्याय.

ठेका
शंकासूर, तुम्ही ‘व्हिपिंग पोस्ट’चं नाव काढलंत आणि मला राहवेना. त्याची सुरुवात ११ मात्रांची आहे, मोजून बघा: ३, ३, ३, २. ड्वेनचा भाऊ ग्रेग ऑलमनने गाणं रचलं तेव्हा त्याला हे ठाऊकही नव्हतं, ड्वेनने लक्षात आणून दिलं. आणि ‘लाइव्ह/डेड’वरच ‘द इलेव्हन’ आहे, तेही ११, तसंच ३, ३, ३, २. डेडचा ड्रमवाला मिकी हार्ट अल्लारखाँच्या तबल्याने भारावलेला होता. पुढे त्याने आणि झाकीर हुसेन यांनी ‘डिगा’ ही ध्वनिमुद्रिका केली, १९७६ मध्ये. मूळ चमू सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजातल्या, म्हणजे आपलं शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्या संस्थेतल्या, विद्यार्थ्यांचा. त्यातल्या ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’वर गार्सियाने गिटार वाजवली, आणि तीच धून पुढे ‘फायर ऑन द माउंटन’ झाली. म्हणजे पश्चिमकिनारा ज्या दोन कॉर्डांवर जीव टाकतायत त्यांच्या मुळाशी माहीमचा, म्हणजे झाकीर हुसेन यांचा, तबला आहे. हे लेखात असायलाच हवं.

पश्चिमकिनारा
सॅन राफेल माझ्या घरापासून लांब नाही आणि हा धागा मी लेखात जोडलाच नव्हता. आज रात्री जोडतो. ठेका, एक विचारू? ‘द इलेव्हन’ला रुद्र ताल म्हणता येईल का?

ठेका
नाही. मात्रा ११ आहेत, पण ठेका, टाळी, खाली यातलं तिथे काही नाही. चार ताल की सवारीही ११ चीच आहे, म्हणून तीही नव्हे. ३, ३, ३, २ असंच लिहा.

षड्ज_पंचम
रुद्रचं नाव घ्यायला काय हरकत आहे? वाचकाला लगेच मोजता येईल.

ठेका
मघाशी खमाजचं झालं तेच परत. वाचकाला मोजायचं असेल तर आकडे दिलेत की.

लांबपल्ला
ट्रेवरचं माझं उत्तर अजून बाकी आहे. गार्सियाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या १३ रात्रींपैकी एक पूर्ण ऐकावी, मग बोलू.

शंकासूर
ऐकतो. कोणती?