बायोस अपडेटनंतर ६००० वर रॅम अस्थिर, मदत हवी आहे

एएम५ (एएमडी प्रोसेसरचं सॉकेट) बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक (ए२ आणि बी२ स्लॉट), एक्स्पो (रॅमचं तयार ओव्हरक्लॉक प्रोफाइल) ६००० एमटी/सेकंद, सीएल३० (लेटन्सी, म्हणजे रॅमच्या प्रतिसादाचा विलंब), १.३५ व्होल्ट. जुन्या बायोसवर हेच सेटिंग स्थिर होतं. नवीन बायोस टाकल्यापासून लोड आला की मशीन गोठतं किंवा थेट रीस्टार्ट होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसतो, पण तो फक्त वीज अचानक गेल्याची किंवा रीस्टार्टची नोंद करतो, कारण सांगत नाही. WHEA (विंडोजची हार्डवेअर एररची) नोंद एकही नाही.

सीमॉस क्लिअर करून (बायोसची सेटिंग पुसून) सगळं डिफॉल्टवर ठेवलं तर ४८०० वर मेमटेस्ट स्वच्छ पास होते. एक्स्पो लावलं की एरर येतात. म्हणजे स्टिक खराब असण्यापेक्षा नवीन बायोसने ऑटोवर काहीतरी बदललं असण्याची शक्यता जास्त वाटते. दोन गोष्टी खटकल्या: एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) ऑटोवर आता १.१६ दाखवतं, आधी १.२५ होतं, आणि यूक्लॉक (मेमरी कंट्रोलरचा क्लॉक) ३००० ऐवजी १५०० वर, म्हणजे १:२ मोडमध्ये, रॅमच्या क्लॉकच्या निम्म्यावर चालतोय. लेटन्सी वाढली ती बहुधा त्यामुळेच.

मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीच्या ट्रेनिंगचे निकाल पुन्हा वापरण्याचं सेटिंग) बंद केलं तर फ्रीझ कमी होतात, पण प्रत्येक बूटला ट्रेनिंग (रॅमची जुळवणी) होतं आणि स्क्रीन बराच वेळ काळी राहते.

प्रश्न असे: यूक्लॉक १:१ हाताने लावून एसओसी १.२० पासून पायरीपायरीने वाढवावं का? १.३० च्या वर जायचं नाहीये. की आधी एफक्लॉक (प्रोसेसरमधले भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा क्लॉक) २००० वर पक्का करून मग बाकीचं बघावं? आणि फ्लॅशबॅकने (बोर्डवरच्या बटणाने यूएसबीवरून बायोस टाकण्याच्या सोयीने) जुना बायोस परत टाकताना कुणाला अडचण आली आहे का?