मदत हवी आहे: १८०६ च्या चांदीच्या क्वार्टरवरील रेघा टांकसाळीतल्या की नंतरच्या?

नमस्कार.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि गेली तीन वर्षे अमेरिकेचे सुरुवातीचे चांदीचे क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर, जमवत आहे. प्रत्येक सालचे नाणे मिळवण्याचा हट्ट नाही आणि तो परवडणाराही नाही. १७९६ साली जे पहिले क्वार्टर पाडले गेले, ते अवघे ६,१४६ होते आणि त्यांपैकी एखाद्याची आजची किंमत ऐकली की माणूस निमूटपणे शेजारच्या टेबलाकडे वळतो. त्यामुळे प्रत्येक घडणीचे एक बरे नाणे, एवढाच बेत ठरवला आहे.

गेल्या महिन्यात एका नाणे प्रदर्शनात ३६० डॉलरना १८०६ चा क्वार्टर घेतला. दर्शनी बाजूला मोकळ्या केसांची, वस्त्र ल्यालेली लिबर्टी, म्हणजे स्त्रीरूपातली स्वातंत्र्याची प्रतिमा आहे. मागे छातीवर ढाल असलेला गरुड असून त्याच्या शेपटीशी ‘२५ सी.’ असे मूल्य आहे, जे १७९६ च्या नाण्यावर मुळीच नव्हते. साल आणि लिबर्टी ही अक्षरे स्वच्छ वाचता येतात, मात्र कानाजवळचे केस झिजून सपाट झाले आहेत. घरच्या काट्यावर वजन ६.५२ ग्रॅम भरले. १७९२ च्या कायद्याप्रमाणे ते १०४ ग्रेन, म्हणजे सुमारे ६.७४ ग्रॅम असायला हवे, पण इतकी झीज झालेल्या नाण्यात एवढी घट मला वावगी वाटत नाही.

अडचण रेघांची आहे. मागच्या बाजूला ढालीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून काठाकडे तिरक्या जाणाऱ्या पाच-सहा समांतर रेघा आहेत. पुढच्या बाजूला एकच रेघ गालावरून सुरू होऊन कानावरच्या केसांपर्यंत जाते. विक्रेत्याने दोन्ही बाजूंच्या रेघांना ‘ॲडजस्टमेंट मार्क’ म्हटले, म्हणजे नाणे पाडण्याआधी चकतीचे वजन जुळवताना टांकसाळीतच झालेल्या कानशीच्या खुणा. मला ते एकदम पटले आणि घरी आल्यावर तितकेच पटेनासे झाले. माझ्या आजोबांकडच्या चांदवडी रुपयांवर सराफांनी चांदी पारखताना ठोकलेल्या खुणा आहेत. त्या नाण्याच्या आयुष्याचा भाग म्हणून आम्ही खुशाल मान्य करतो, पण त्या टांकसाळीच्या आहेत असे कोणी सांगितले, तर आजोबांनी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: या दोन प्रकारच्या रेघा भिंगाखाली वेगळ्या कशा ओळखायच्या? अशा खुणा असलेले नाणे प्रतवारीसाठी पाठवले, तर त्याला क्रमांकाची प्रत मिळते का? आणि नाण्यावर बसलेला काळपट थर तसाच ठेवावा ना? हा शेवटचा प्रश्न विचारण्याचे कारण असे की आई सध्या इथे आली आहे आणि दिवाळीची भांडी घासताना ‘हेही दे, रांगोळीने दोन मिनिटांत लखलखीत करते’ असे दोनदा म्हणून झाले आहे.

प्रतिसाद

नमस्कार. आधी तातडीचे काम: ते नाणे मातोश्रींच्या हाती लागू देऊ नका. हा थर चांदीवर वर्षानुवर्षे हळूहळू धरतो आणि तो घासला की त्याखालचा पृष्ठभागही थोडा खरवडला जातो. प्रतवारी करणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही संस्था अशा नाण्याला दर्जाच्या क्रमांकाऐवजी ‘डिटेल्स’, म्हणजे नाणे खरे पण सदोष, असा शेरा देतात आणि किंमत तिथेच उतरते.

आता रेघांविषयी. त्या काळी चकत्या एकसारख्या वजनाच्या निघत नसत. हलक्या चकत्या पुन्हा वितळवल्या जात, तर जड चकत्यांची चांदी कानशीने थोडी थोडी काढून त्या मापात आणल्या जात. हेच काम करण्यासाठी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९५ मध्ये सारा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स या दोन स्त्रियांना नेमले होते. आपल्या नाण्यावरचे कानशीचे हात त्यांचेच असतील असे म्हणण्याचा मोह होतो, पण १८०६ मध्ये कोण काम करत होते हे सांगता येत नसल्याने तो आवरतो.

या रेघा नाणे पाडण्याआधीच्या असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे आपोआप उलगडते. ठसा बसला की चकतीवरची चांदी दबून ठशाच्या खोलगट भागात शिरते आणि सपाट जागेवरच्या रेघा बहुतेक दडपल्या जातात. जिथे चांदी ठशाच्या तळापर्यंत पोहोचली नाही, तिथे मात्र त्या उरतात. अशा जागा ठरलेल्या आहेत: नक्षीचा सर्वांत उंच भाग आणि काठाजवळच्या दातऱ्या. या घडणीत लिबर्टीच्या केसांच्या बरोबर मागे ढाल येत असल्याने ढालीचा ठसा पुष्कळदा कच्चा उठतो. आपण वर्णन केलेल्या मागच्या रेघा तिथूनच निघून काठाकडे जातात, हे टांकसाळीच्या बाजूने बोलणारे आहे. त्यांच्या कडा बोथट असाव्यात, तळ बाकीच्या पृष्ठभागाइतकाच काळा असावा आणि त्या अक्षराला येऊन भिडल्या, तर अक्षर त्यांच्या वरून उठलेले दिसावे.

गालावरची रेघ मला संशयास्पद वाटते. कारण आपणच लिहिले आहे की केस झिजून सपाट झाले आहेत. कानशीची उथळ रेघ त्या उंचवट्यावर असती, तर उंचवट्याबरोबर तीही झिजली असती. झिजलेल्या जागेवरून रेघ जर ठळक, सलग गेली असेल, तर ती झिजेनंतर ओढली गेली आहे, इतका हा हिशेब सरळ आहे. दहापट भिंगाखाली, एकाच बाजूने येणाऱ्या दिव्यात नाणे हळूहळू तिरपे करून पाहा. नंतरच्या ओरखड्याला दोन्ही काठांना बारीक वर आलेली कोर असते आणि आत चांदी उजळ दिसते.

प्रतवारीत टांकसाळीच्या खुणांना सहसा क्रमांक नाकारला जात नाही. त्या फार ठळक असतील, तर नाण्याचे देखणेपण कमी होते आणि ग्राहक तेवढे पैसे कमी देतो. ओरखडा ठळक असेल, तर मात्र ‘डिटेल्स’. ३६० डॉलरचे नाणे आधी प्रतवारीला पाठवण्यापेक्षा आधी ही रेघ पाहा, कारण शुल्क आणि टपाल मिळून होणारा खर्च या किमतीच्या मानाने लहान नाही.

एक सूचना पुढच्या खरेदीसाठी. ‘कॅप्ड बस्ट’, म्हणजे टोपी घातलेल्या लिबर्टीच्या पुढच्या घडणीत १८१५ ते १८२८ ची नाणी सुमारे २७ मिलिमीटर रुंद आहेत आणि १८३१ पासूनची साधारण २४.३ मिलिमीटर. त्या वर्षी गरुडावरची ‘ई प्लुरिबस युनम’ ही पट्टीही गेली. त्यामुळे तिथे एक नव्हे, दोन नाणी घ्यावी लागतील.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले मनापासून आभार. काल रात्री टेबलावरचा दिवा आडवा करून पाऊण तास नाणे फिरवत बसलो. मागच्या रेघा अगदी आपण लिहिल्याप्रमाणे आहेत: कडा बोथट, तळ काळा, आणि काठावरच्या दोन दातऱ्यांवरून त्या थेट पलीकडे उतरतात. गरुडाच्या डोक्याजवळ एक रेघ ढगाच्या नक्षीला येऊन थांबते आणि नक्षी तिच्यावर स्वच्छ उठलेली आहे.

गालावरची रेघ मात्र कानाजवळच्या सपाट जागेवरून न तुटता जाते आणि दिवा एका विशिष्ट कोनात आला की तिची एक कड केसासारखी चमकते. बोटाची नखकड हलकेच फिरवली, तर ती अडकतेही (हे करायला नको होते, हे नंतर सुचले).

विक्रेत्याची परतीची मुदत अजून सहा दिवस आहे. मागची बाजू पाहता नाणे सोडवत नाही. तेव्हा परत करण्याऐवजी ओरखडा दाखवून किंमत कमी करून मागणे या व्यवहारात रीतीला धरून होईल का, आणि मागायची झाल्यास कितीने, एवढे सांगावे.