मानवी दृष्टिपटलाचे ऑर्गनॉइड: उंदराच्या डोळ्यावर भागत नाही का?

विज्ञानशिक्षक, सदाशिव पेठ
नमस्कार. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. डोळ्याची घडण शिकवताना आजवर कोंबडीचा आणि उंदराचा गर्भ हीच उदाहरणे देत आलो. परवा एका विद्यार्थिनीने विचारले की, मूलपेशींपासून (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडतात अशा पेशींपासून) बशीत मानवी दृष्टिपटलाचे छोटे रूप, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवतात म्हणे, पण त्यातून उंदरात न दिसणारे असे काय कळते? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

पाषाणकर
सर, प्रश्न नेमका आहे. २०११ साली कोबे येथील रिकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींचा गोळा पोषक द्रवात तरंगत ठेवला. त्यातून फुगवटा बाहेर आला आणि आपोआप आत दबून त्याचा दुपदरी पेला झाला; गर्भात दृष्टिपटल अशाच पेल्यापासून घडते. डोळ्याच्या भिंगाने खूण केल्यावरच हा पेला घडतो, असे आपण वर्गात सांगतो. तिथे तर भिंग नव्हतेच. पुढच्या वर्षी त्याच गटाने मानवी पेशींपासून पेला घडवला आणि तो उंदराच्या पेल्यापेक्षा मोठा निघाला, म्हणजे आकारमानाचा हिशेबही पेशी स्वतःबरोबरच आणतात.

आता उंदराची अडचण. तो निशाचर असल्याने त्याच्या दृष्टिपटलात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींचेच राज्य असते, आणि रंग ओळखणाऱ्या लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकारच्या शंकुपेशी त्याला नसतात. माणसात निळ्या शंकुपेशी आधी आणि लाल-हिरव्या नंतर का तयार होतात, हे त्याला विचारून उपयोग नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने २०१८ साली मानवी ऑर्गनॉइडमध्ये थायरॉइड संप्रेरकाचा ग्राहक (त्याचा संदेश स्वीकारणारे पेशीतले प्रथिन) काढून टाकला, तेव्हा जवळजवळ सगळ्या शंकुपेशी निळ्या झाल्या. तेच संप्रेरक लवकर दिल्यावर मात्र लाल-हिरव्या झाल्या. गर्भपातातून मिळणाऱ्या ऊतीवर असा हस्तक्षेप करून महिनोन्‌महिने पाहत बसता येत नाही. तिथे हाती येते ते एका क्षणाचे चित्र.

विज्ञानशिक्षक, सदाशिव पेठ
महिनोन्‌महिने? बशीत काम लवकर उरकत असेल, असे मी धरून चाललो होतो.

पाषाणकर
नाही. उंदराचा गर्भ सुमारे वीस दिवसांत पूर्ण होतो, पण मानवी पेशी बशीतही माणसाच्याच गतीने चालतात. वर सांगितलेला प्रयोग दोनशे दिवस चालला. रोज बशी पाहणाऱ्याचा संयम सुटतो, पेशींचा सुटत नाही.

नेत्रतज्ज्ञ, कोथरूड
वरील माहिती योग्य आहे. मात्र 'बशीतला डोळा' हा शब्दप्रयोग वर्गात टाळावा. या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तो वाढला की आतल्या थरापर्यंत प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. वाचनासाठी आपण ज्या इवल्याशा खळग्यावर विसंबतो, तो फोव्हियाही त्यात घडलेला दिसत नाही. उंदराला तो मुळातच नसतो, हा योगायोग खटकणारा आहे. शिवाय मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या गुच्छपेशी सर्वांत आधी जन्मतात आणि काही महिन्यांत मरू लागतात, कारण तंतू धाडायला पलीकडे मेंदूच नसतो.

पाषाणकर
हे मान्य. म्हणूनच काही प्रयोगशाळांत दृष्टिपटलाचा गोळा मेंदूच्या ऑर्गनॉइडला चिकटवून वाढवतात. समोर लक्ष्य मिळाल्यावर तंतू त्यात शिरतात आणि गुच्छपेशी अधिक काळ टिकतात. विद्यार्थिनीला हा प्रयोग जरूर सांगा.