मागच्या पिंपळावरच्या भोरड्या : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

(विश्रामबाग, सांगली. गुढीपाडवा नुकताच झालेला.)

सी-२०२ काका: सचिव साहेब, मागच्या पार्किंगचं काहीतरी बघा. सकाळी गाडी धुवायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. बॉनेट, काच, वायपर सगळं घाण झालेलं असतंय. पिंपळाच्या आपल्या बाजूच्या फांद्या उतरवून टाकूया की. माणूस मी बघून देतो.

बी-२०१ वहिनी: आम्ही तर मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालणंच सोडलंय. आणि तो आवाज! साडेसहा वाजले की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

सचिव: दोन्ही तक्रारी नोंदवल्या. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्यात फांद्या छाटण्याचा विषय घेतो. कुणाचं काही म्हणणं असेल तर इथंच लिहा.

डी-३०२: मीटिंग कशाला? दोन दिवस संध्याकाळी सुतळी बॉम्ब लावा, आपोआप जातील.

बी-४०३ ताई: माझं म्हणणं आहे. जरा लांबलचक लिहिते, पण फांद्यांना हात लावायच्या आधी सगळ्यांनी वाचा अशी विनंती.

पिंपळावर आणि दोन्ही रेनट्रींवर रात्रीला उतरतात त्या आपल्या नेहमीच्या साळुंक्या नव्हेत. त्या भोरड्या आहेत. पळसमैना म्हणतात त्या ह्याच. ह्यांची घरटी आपल्याकडं कधीच नसतात. अंडी घालायला त्या कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, चीनचा पश्चिम भाग अशा खडकाळ, गवताळ मुलखात जातात. इथून सरळ रेघ ओढली तरी तीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर होतं. पावसाळा सरत आला की आपल्याकडं येतात आणि एप्रिलमध्ये परत निघतात.

म्हणजे आणखी तीन-चार आठवड्यांत ह्या झाडांवर एकही भोरडी उरणार नाही. फांदी तोडली तर ती परत एवढी व्हायला मात्र कैक वर्षं जातील. काका, मे महिन्यात सांगलीच्या उन्हात तुमची गाडी ह्याच फांद्यांखाली उभी असते.

सी-२०२ काका: ते खरं आहे. पण इतके महिने एवढा त्रास नव्हता. आत्ताच का वाढल्या?

बी-४०३ ताई: बरोबर विचारलंत. थंडीभर त्या लहान लहान थव्यांनी विखुरलेल्या असतात, कुणी जतच्या शाळूत, कुणी मिरजेकडच्या पांगाऱ्यावर. निघायचे दिवस जवळ आले की थवे एकमेकांना मिळत जातात आणि रात्रीला एकाच ठिकाणी उतरतात. दिवस मोठा होत चाललाय हे त्यांच्या शरीराला कळतं, मग भूक वाढते. एवढ्या लांबच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी चढवावी लागते. दिवसभर खाऊन येतात, म्हणून घाणही जास्त पडते.

ए-३०३ आजी: भोरड्या होय ह्या! मी इतके दिवस साळुंक्याच समजत होते. आमचं माहेर जत तालुक्यातलं. शाळू निसवला की आम्ही पोरं माळ्यावर गोफण घेऊन बसायचो. भोरड्यांचा थवा रानात उतरला की एकेका कणसावर दोन-दोन, तीन-तीन. दाणा दुधात असला की त्यांना लई आवडतो. वडील म्हणायचे, हाकला, पण दगड अंगावर मारू नका. ह्याच पाखरांनी रानातले टोळ खाल्लेत.

बी-४०३ ताई: आजी, तुमच्या वडिलांचं म्हणणं पुस्तकातल्यासारखं अचूक होतं. टोळ आणि नाकतोडे हे भोरडीचं मोठं खाणं. विणीच्या दिवसांत पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळधाडीला आळा बसावा म्हणून गवताळ रानात मुद्दाम दगडांचे ढीग रचून भोरड्यांना घरट्यांसाठी जागा करून दिल्या आहेत. तिथं त्यांना बोलावतात, आणि आपण सुतळी बॉम्ब आणायला निघालोय.

डी-१०४ दादा: ताई, तुमचं सगळं मान्य, पण शेतकऱ्याचीही बाजू बघा. आमची तासगावला बाग आहे. घडात गोडी उतरली की पाखरांचा थवा एका सकाळी काय करून जातो ते बघवत नाही. चोच मारलेला मणी नासतो आणि शेजारचे मणीही नासवतो.

बी-४०३ ताई: दादा, ते नुकसान खरं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. तुम्ही काय करता त्यावर?

डी-१०४ दादा: जाळी. बेदाण्याच्या रॅकलाही जाळी. खर्च होतो, पण एकदा केली की काही वर्षं चालते. पूर्वी डबे वाजवायला गडी ठेवायचो, त्याचा दोन दिवस उपयोग व्हायचा, तिसऱ्या दिवशी पाखरं डब्याच्या शेजारी येऊन बसायची. त्यामुळं फटाक्यांचं म्हणाल तर मी अनुभवावरून सांगतो, पैसे वाया जातील.

बी-४०३ ताई: नुसते पैसेच नाहीत. अंधार पडल्यावर थवा उठवला की त्यांना दिसत नाही. विजेच्या तारांवर, गॅलऱ्यांच्या काचांवर आदळतात. सकाळी खाली मेलेली पाखरं उचलायची वेळ येईल, आणि वाचलेल्या परत तिथंच येतील.

सी-३०१ (आर्याची आई): आर्याने काल गच्चीवरून फोटो काढलाय, टाकते. ती विचारतेय, ह्यातल्या काही एकदम गुलाबी आहेत आणि काही मातकट का?

बी-४०३ ताई: फारच छान फोटो आलाय. आर्या, मधल्या फांदीवरचे दोन पक्षी मोठे करून बघ. डावीकडच्याचं डोकं, पंख, शेपूट काळं आणि पाठ-पोट गुलाबी. डोक्यावर मागं झुकलेला तुरा आहे. तो पूर्ण वाढलेला. उजवीकडचा फिका, तपकिरी, तो गेल्या उन्हाळ्यात जन्मलेला असणार. म्हणजे त्याचा हा परतीचा पहिला प्रवास.

आणखी एक गंमत बघ. डिसेंबरमध्ये मोठ्या भोरड्यासुद्धा मळकट दिसतात. नव्या पिसांच्या कडा फिक्या असतात, त्या खालचा रंग झाकतात. थंडीभर वापरून त्या कडा झिजतात आणि आतला गुलाबी रंग उघडा पडतो. त्यासाठी नवीन पिसं येत नाहीत, जुनीच झिजून उजळतात. चोचही आता गुलाबी व्हायला लागलीय, फक्त बुडाशी काळी. आणि डावीकडच्याच्या कपाळावर पिवळसर पूड दिसतेय ना? पळस, पांगारा, काटेसावर ह्यांच्या फुलांत मधासाठी चोच घालतात तेव्हा पराग लागतात. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर पोचवायचं कामही ह्याच करतात.

सी-३०१ (आर्याची आई): तिनं हे सगळं वहीत लिहून घेतलंय. मोजायचे कसे, विचारतेय.

बी-४०३ ताई: एकेक मोजायला जाऊ नकोस. आधी दहा पक्षी मोज आणि दहांचा घोळका केवढा दिसतो ते डोळ्यांत बसव. मग तसे दहा घोळके म्हणजे शंभर. शंभराचा ठोकळा धरून थव्यावरून नजर फिरव. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी गच्चीवर ये, त्या टप्प्याटप्प्यानं येतात. आकडा, तारीख, वेळ लिही, आपण ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, नोंद टाकू. सगळ्यात महत्त्वाची नोंद शेवटच्या दिवसाची. कोणत्या संध्याकाळी पिंपळ रिकामा राहिला ते लिहिलं की पुढच्या वर्षी कमिटीला तारीख दाखवता येईल.

ए-२०४ सर: पक्ष्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी रोज सकाळी हरिपूरला संगमापर्यंत फिरायला जातो. पाण्याच्या कडेला सारखा शेपटी हलवणारा एक लहान तपकिरी पक्षी असतो, पोट पांढरं. तोही पाहुणाच का?

बी-४०३ ताई: बसल्या जागी मागचा भाग सतत वरखाली करत असेल आणि उडताना पाण्याला अगदी लागून, ताठ पंखांनी जात असेल तर तुतवार. तोही उत्तरेकडचा पाहुणा. सर, तिथंच धोबीही बघा. पांढऱ्या धोब्याचा गळा थंडीत पांढरा असतो, आता खालून काळा होत चाललेला दिसेल. पिवळा धोबी तर ह्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो. जायच्या आधी सगळेच नटतात. म्हणून मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा मला वर्षातला सगळ्यात आवडता काळ वाटतो.

बी-२०१ वहिनी: आमच्या मागच्या कुंपणाच्या मेंदीत एक पक्षी थंडीभर चक् चक् करायचा. दिसायचा कधीच नाही. तोही जाणार?

बी-४०३ ताई: वहिनी, तो वेळू वटवट्या असावा. चिमणीपेक्षाही सडपातळ, मातकट, दाट झुडपातून बाहेर येत नाही. हो, तोही जाणार. आणि त्याच्यामुळं मला आणखी एक मागणी करायचीय. भोरड्या दिवसा प्रवास करतात, पण वटवट्या, शंकर, माशीमार असले लहान पक्षी रात्री उडतात. चांदण्यांवरून दिशा धरतात. आपला मागच्या भिंतीवरचा फ्लडलाइट रात्रभर आभाळाकडं तोंड करून जळतो. त्यानं वरून जाणारे भरकटतात, आणि पिंपळावरच्या भोरड्यांना झोप लागत नाही, म्हणून तुम्हाला रात्री दहालाही कलकलाट ऐकू येतो. दिवा खाली वळवला आणि दहानंतर बंद ठेवला तर दोन्ही प्रश्न हलके होतील.

सचिव: फ्लडलाइट चोरीच्या भीतीनं लावला होता. पण खाली वळवायला हरकत नाही. गेटपाशी दुसरा दिवा आहेच.

डी-३०२: ठीक आहे, फटाक्यांचं मागं घेतो. पण घाणीनं रोगराई होते म्हणतात, त्याचं काय? घरात लहान बाळ आहे.

बी-४०३ ताई: काळजी रास्त आहे. वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूनं झाडू नये, धूळ नाकात जाते. आधी पाणी मारून ओली करायची, मग उचलायची. झाडणाऱ्या मावशींना मास्क आणि हातमोजे सोसायटीनं द्यायचे, हे त्यांच्यासाठी आधी व्हायला हवं. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं घट्ट आहेत का तेही एकदा बघून घ्या. बाळाला मागच्या अंगणात न नेता पुढच्या बागेत न्या, एवढंच पुरे.

सचिव: मावशींचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. उद्याच आणतो. फांद्यांबाबत नियम काय आहे, कुणाला माहिती?

ए-२०४ सर: शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात झाड तोडणं ह्या व्याख्येत जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय माणूस बोलावून फांद्या उतरवल्या तर जबाबदार सोसायटी.

सी-२०२ काका: एवढं असेल तर माझाही आग्रह नाही. पण ताई, एप्रिल संपल्यावरही राहिल्या तर?

बी-४०३ ताई: तर परवानगीचा अर्ज मी लिहून देते आणि महापालिकेत तुमच्याबरोबर येते. तोवर तुमची गाडी पुढं माझ्या जागेवर लावा. माझी स्कूटी आहे, मी मागं लावीन.

सी-२०२ काका: अहो, तसं नको. तुम्हाला कशाला त्रास.

बी-४०३ ताई: त्रास नाही काका, खरंच. मला तेवढंच संध्याकाळी त्यांच्याखाली उभं राहायला मिळतं.

ए-३०३ आजी: मलाही कुणीतरी गच्चीवर न्या गं एकदा. लिफ्ट तिथपर्यंत जात नाही.

सी-३०१ (आर्याची आई): आजी, उद्या सहाला मी आणि आर्या येतो. खुर्ची आम्ही वर नेऊन ठेवतो.

सचिव: मग रविवारच्या मीटिंगमधून छाटणीचा विषय काढतोय. फ्लडलाइट आज इलेक्ट्रिशियनला सांगून खाली वळवतो, दहानंतर बंद राहील, वॉचमनला सूचना देतो. मागच्या पार्किंगला एप्रिलअखेरपर्यंत रोज सकाळी पाणी मारलं जाईल. फटाके कुणीही लावू नयेत.

डी-१०४ दादा: माझ्याकडं जुनी द्राक्षाची जाळी पडून आहे. पार्किंगवर दोरीनं आडवी बांधून वर ताडपत्री टाकली तर सहा-सात गाड्या झाकतील. शनिवारी तासगावला जातोय, येताना घेऊन येतो.

बी-४०३ ताई: दादा, ताडपत्री अगदी चालेल, नुसती जाळी मात्र उघडी ठेवू नका, पाय अडकतात.

डी-१०४ दादा: बरं, मग ताडपत्रीच आणतो. बांधायला दोघंजण लागतील. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत, त्या यायच्या आधी.

सी-२०२ काका: मी आहे. शिडी माझ्याकडं आहे.